परकी बाई, घरचा वाचक

तौलनिक साहित्यात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला प्रबंधासाठी तुर्की प्रवासवर्णनांतली परकीय स्त्री हा विषय घ्यायचा आहे. युरोपातल्या लेखकांनी आणि चित्रकारांनी तुर्कांचा जनानखाना कसा रंगवला यावर कपाटं भरतील इतकं लिहून झालंय. मग तुर्कांनी दुसऱ्या मुलखांतल्या बायकांबद्दल जे लिहिलं ते त्याचंच उलटं रूप मानून चालायचं का, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची, असं ती विचारते.

ही प्रवासवर्णनं मी बरीच वर्षं वाचते आहे, शिकवतेही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: उलटं रूप मानून चालू नका. तसं मानलं की प्रबंध पटकन लिहून होतो, पण त्यातून नवं काही हाती लागत नाही.

तुर्क लेखक कुठल्या दिशेला निघालाय ते आधी बघा. व्हिएन्ना, पॅरिस, बर्लिन, स्टॉकहोम या वाटेवर तो पाहुणा असतो. त्या मुलखावर त्याची सत्ता नसते, आणि १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहानंतर तर पराभवाची सलही सोबत असते. तोच माणूस दमास्कस, बगदाद, कुर्दांचा डोंगराळ मुलूख किंवा कॉकेशसकडे निघाला की राज्यकर्त्यांचा माणूस होतो. तिथली बाई त्याच्या सुलतानाची प्रजा असते, कधी लुटीत हाती आलेली बांदी असते. युरोपियनांच्या पौर्वात्यवादाशी, म्हणजे पूर्वेला आपल्या सत्तेच्या सोयीनं रंगवण्याच्या सवयीशी, खरं साम्य सापडतं ते या दुसऱ्या वाटेवर. पहिल्या वाटेवर निराळाच मामला असतो.

दोन्ही वाटांवर एक गोष्ट मात्र सारखी आहे. परक्या बाईबद्दलचं वाक्य घरी बसलेल्या वाचकाला उद्देशून असतं, आणि तो वाचक बदलला की बाईही बदलते. सुलतानाला सादर करायच्या अहवालातली फ्रेंच बाई एक, इस्तंबूलच्या वर्तमानपत्राच्या गिऱ्हाइकासाठी रंगवलेली दुसरी, आणि लंडनच्या प्रकाशकाला दिलेल्या पुस्तकातली तिसरीच. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच धाग्यानं वाचा.

एव्लिया चेलेबीला वगळून या विषयात पाऊल टाकता येत नाही. १६११ साली इस्तंबूलला जन्मलेला हा गृहस्थ चाळीसेक वर्षं उस्मानी साम्राज्यात आणि त्याच्या कडेकडेनं भटकला आणि दहा खंडांचं सेयाहतनामे, म्हणजे प्रवासवर्णन, मागे ठेवून गेला. १६६५ मध्ये कारा मेहमेद पाशाच्या वकिलातीबरोबर तो व्हिएन्नाला पोचला. आदल्याच वर्षी ऑस्ट्रियाशी वाश्वारचा तह झाला होता. तिथे दिसलेली एक गोष्ट तो मोठा अचंबा म्हणून नोंदवतो. सम्राट घोड्यावरून जात असताना वाटेत एखादी बाई आली तर तो घोडा थांबवतो आणि तिला आधी जाऊ देतो. पायी असेल तर अदबीनं उभा राहतो. बाई त्याला अभिवादन करते, मग तो डोक्यावरची टोपी काढतो, आणि ती पुढे गेल्यावरच स्वतः चालू लागतो. या देशात आणि एकूणच काफिरांच्या मुलखात बायकांचा शब्द चालतो, मरियम मातेवरच्या प्रेमापोटी त्यांना मान मिळतो, असं एव्लिया म्हणतो.

हा उतारा सावकाश वाचा. बाईचं रूप त्यात नाही, कपडे नाहीत, वय नाही. सगळी नजर सम्राटावर खिळलेली आहे: त्याचा घोडा, त्याचं उभं राहणं, त्याची टोपी. उस्मानी दरबारात डोकं झाकलेलं असणं हीच अदब. अशा ठिकाणी वाढलेल्या वाचकाला, सम्राटासारखा सम्राट एका बाईपुढे बोडका होतो, हे चित्रच पुरेसं धक्कादायक होतं. आणि धक्का देऊन झाल्यावर एव्लिया कारण काय देतो? मरियम. कुराणात मरियमच्या नावाचा एक अख्खा सूरा, म्हणजे अध्याय, आहे. म्हणजे काफिरांचा रिवाज म्हणून ज्याला नाक मुरडता आलं असतं त्याला तो असं कारण जोडतो की मुसलमान वाचकाला ते झिडकारता येऊ नये. हा सम्राट, लेओपोल्ड पहिला, खरोखर रस्त्यातल्या प्रत्येक बाईसाठी घोडा थांबवत होता का, यावर वेळ घालवू नका. एव्लिया फुगवून सांगतो हे त्याच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असतं. टोपी, घोडा आणि मरियम एकाच उताऱ्यात का आले, तिथे तुमचं काम आहे.

काफिरांच्या मुलखात बायका-पुरुष एकत्र बसून मद्य पितात आणि नवरे काही बोलत नाहीत, हेही तो सांगतो. पण शिव्याशाप देत बसत नाही. ‘त्यांच्यात हे वाईट समजत नाहीत’ हे त्याचं आवडतं पालुपद आहे. ते कुठे कुठे येतं याचीच नोंद केलीत तरी प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील.

आता त्याच एव्लियाबरोबर पूर्वेकडच्या मुसलमान शहरांत या. शहराच्या वर्णनासाठी त्याचे रकाने ठरलेले असतात: किल्ला, मशिदी, हमाम, पाणी, हवा, खाणं, पुरुषांचे कपडे, बायकांचे कपडे, तिथलं सौंदर्य. बायकांच्या रकान्यात काय भरलेलं असतं? त्या अंगभर कसं गुंडाळून घेतात, किती शीलवान आहेत, बाजारात कशा दिसत नाहीत. त्यानं त्यांना पाहिलेलंच नसतं; पाहता येणं शक्यही नव्हतं. व्हिएन्नात सरदारांच्या बायका त्याच्यासमोरून उघड्या चेहऱ्यानं गेल्या, पण स्वतःच्या साम्राज्यातल्या खानदानी मुसलमान बायका पडद्याआडच राहिल्या. युरोपियन पुरुष प्रवाशाची अडचण नेमकी उलटी होती. जनानखान्याचं दार त्याला बंद, म्हणून दारामागचं सगळं त्यानं मनानं रचलं. तुर्काला पॅरिसच्या दिवाणखान्याचं दार उघडं होतं, त्यामुळे दालनाबद्दल कल्पना लढवायची गरज उरली नाही. त्यानं कल्पना लढवली ती बाईच्या चालचलणुकीबद्दल.

एव्लियाच्या पुस्तकात आणखी एक बाई आहे, आणि तिच्याबद्दल अभ्यासक फार कमी बोलतात. ती बंदिवान. क्रिमियाच्या तातारांबरोबर तो स्वाऱ्यांवर गेला. तिथली बाई गुरं, घोडे आणि कापडाच्या गाठोड्यांबरोबर लुटीच्या हिशेबात येते. ‘(कॉकेशसमधली) चेर्केस बाई अशी, जॉर्जियन बाई तशी’ ही जी लोकप्रिय मतं तुर्की साहित्यात सगळीकडे विखुरलेली दिसतात, त्यांचा उगम प्रवासात कमी आणि बाजारात जास्त आहे. अकराव्या शतकातल्या काबूसनामे या फारसी उपदेशग्रंथात गुलाम विकत कसे घ्यावेत यावर एक प्रकरण आहे: कुठल्या वंशाचा माणूस कशाला उपयोगी, कुणात काय खोड. मेर्जिमेक अहमेदनं १४३२ मध्ये सुलतान दुसऱ्या मुरादसाठी त्याचं तुर्की भाषांतर केलं. देशोदेशींच्या बायकांना एकेक गुण चिकटवायची सवय बरीचशी अशा याद्यांतून आली, असं माझं मत आहे.

त्या सवयीचं सजवलेलं टोक म्हणजे एंदेरूनलू फाझिलचं जनाननामे. अठराव्या शतकाच्या अखेरचं हे दीर्घकाव्य. एकेका देशाची बाई घ्यायची आणि तिचे गुणदोष सांगायचे: हिंदुस्थान, इराण, इजिप्त, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड, थेट नव्या जगापर्यंत. त्याच्या हस्तलिखितांतली चित्रं सुंदर आहेत, म्हणून हल्ली ती सगळीकडे छापली जातात आणि लोक हे प्रवासवर्णन समजून बसतात. ते प्रवासवर्णन नाही. फाझिल पॅलेस्टाइनच्या एका बंडखोर घराण्यात जन्मला आणि इस्तंबूलच्या राजवाड्यात वाढला. लंडन, पॅरिस त्यानं पाहिलेलं नाही. त्याच्या इंग्रज बाईचे गाल असे की गुलाबानं त्यांच्याकडून रंग घ्यावा, गळा असा की बुलबुलानं तिच्याकडे गाणं शिकावं. हा चेहरा गझलेतल्या माशुकेचा आहे, इंग्लंडच्या कुठल्याही गावात तो सापडणार नाही. हाच चेहरा एव्लियाच्या सौंदर्याच्या रकान्यातही डोकावतो. म्हणून मृगनयनी, सरूच्या झाडासारखी उंच, चंद्रमुखी असं काही आलं की ती ओळ निरीक्षणाच्या खात्यात मांडू नका. एकोणिसाव्या शतकात जनाननामे छापलं गेलं तेव्हा त्यावर बंदी आली, आणि तीही विवाहसंस्थेबद्दलच्या मजकुरामुळे. परक्या बायकांबद्दल काहीही लिहा. घरच्या लग्नाला हात लावलात तर मात्र गाठ सरकारशी.

आता पॅरिसकडे. माझं सगळ्यात आवडतं पुस्तक इथलं आहे. यिर्मीसेकीज मेहमेद चेलेबी १७२०-२१ मध्ये तिसऱ्या अहमेदचा वकील म्हणून फ्रान्सला गेला. गादीवर लहानगा पंधरावा लुई होता. परत आल्यावर मेहमेदनं जो अहवाल सादर केला त्याला सेफारेतनामे म्हणतात. हा वकिलांच्या अहवालांचा एक रीतसर साहित्यप्रकारच होता. फ्रान्समध्ये बायकांचा मान पुरुषांपेक्षा वरचढ आहे, असं तो लिहितो. त्या मनात येईल ते करतात, वाटेल तिथे जातात. मोठ्यातला मोठा सरदारही साध्यातल्या साध्या बाईशी अदबीनं वागतो. फ्रान्स म्हणजे बायकांचा स्वर्ग. त्या घरात म्हणून बसत नाहीत, सदानकदा या घरातून त्या घरात चाललेल्या, त्यामुळे पॅरिसमध्ये आहे त्याहून जास्त गर्दी वाटते, हे त्याचं निरीक्षण मला फार गमतीचं वाटतं. शहराची गजबज मोजायला बसलेल्या माणसाला एकदम कळतं की आपल्याकडे गर्दी मोजताना निम्मी माणसं धरलेलीच नसतात.

पण खरा मजा आणणारा प्रसंग जेवणाचा आहे. तुर्की वकील जेवतो कसा हे बघायला बायकांची रीघ लागायची. अमक्याची मुलगी आली आहे, तमक्याची बायको आली आहे, आपलं जेवण बघायची परवानगी मागते आहे, असे निरोप यायचे. नाही म्हणणं शिष्टाचारात बसत नव्हतं. त्यांचे उपासाचे दिवस होते, त्यामुळे त्या स्वतः काही खात नसत. नुसत्या टेबलाभोवती जमून बघत राहायच्या. त्याचा जीव मेटाकुटीला आला. मग त्याला कळलं की या देशात राजाचं जेवणसुद्धा असंच बघतात, तो झोपून उठतो तेसुद्धा बघायला लोक जातात. या उताऱ्यात बघणारी फ्रेंच बाई आहे आणि बघितला जाणारा तुर्क. पूर्व-पश्चिमेच्या नजरेबद्दलची ठरीव सूत्रं मांडणाऱ्यांनी आधी या जेवणाचा हिशेब द्यावा.

त्याच्या सुरात नैतिक संताप जवळजवळ नाही, आणि त्याचं कारण वाचक. सुलतान आणि वजीर दामात इब्राहिम पाशा यांना फ्रान्स कसा चालतो हे जाणून घ्यायचं होतं: कालवे, बागा, ऑपेरा, वेधशाळा. अशा अहवालात बाईवर ताशेरे ओढून काही साधत नव्हतं. हालेत एफेंदीची पत्रं याच्या शेजारी ठेवा. तो १८०३ ते १८०६ पॅरिसमध्ये वकील होता आणि त्याला ते शहर मनापासून नकोसं झालं होतं. पाले-रोयाल या पॅरिसमधल्या चैनीच्या ठिकाणचा वेश्याव्यवसाय तो मोठाले आकडे देऊन सांगतो. रात्री जाणं लाजिरवाणं, पण दिवसा जायला हरकत नाही म्हणून आपण बघून आलो, हेही सांगायला विसरत नाही. त्याचा रोख पॅरिसच्या बायकांवर नाही. युरोपचं कौतुक करणारे जे लोक इस्तंबूलमध्ये होते, त्यांचं तोंड बंद करायला त्याला पाले-रोयाल हवं होतं. शहर एक, काळात फार तर ८५ वर्षांचं अंतर, पण पत्ता बदलला आणि स्वर्गाचा नरक झाला.

याला एक जोड हमखास द्या. मेहमेद चेलेबीच्या तीनच वर्षं आधी, १७१७ मध्ये, इंग्रज वकिलाची बायको लेडी मेरी वॉर्टली मॉन्टेग्यू एदिर्नेहून पत्रात लिहीत होती की साम्राज्यात खरं स्वातंत्र्य कुणाला असेल तर ते तुर्की बायकांना, कारण बुरख्याआड त्यांना कुणी ओळखत नाही. म्हणजे इंग्रज बाईला तुर्की बाई स्वतंत्र वाटते आणि तुर्क पुरुषाला फ्रेंच बाई. दोघंही आपापल्या घराशी भांडत आहेत.

हिंदुस्थानचं काय, असं तुम्ही विचाराल. सेयदी अली रेइस हा उस्मानी आरमाराचा अधिकारी १५५४ मध्ये बसऱ्याहून गलबतं घेऊन सुएझला निघाला. पोर्तुगीजांशी लढाया झाल्या, मग वादळानं उरलंसुरलं आरमार गुजरातच्या किनाऱ्याला, दमणच्या बाजूला आणून टाकलं. तिथून सुरत, अहमदाबाद, सिंध, दिल्लीला हुमायूनचा दरबार, मग काबूल, समरकंद असं करत तो १५५७ मध्ये घरी पोचला. त्याच्या मिरातुल-ममालिकमध्ये सतीची नोंद आहे. मूल होण्याचं वय उलटलेल्या विधवेला जाळत नाहीत, त्याआधीच्या वयाची असेल तर जाळतात, आणि ती स्वखुशीनं तयार झाली तर नातेवाईक उत्सव करतात, असं तो सांगतो. अशा वेळी बादशहाचे अधिकारी हजर असतात असंही. हे येतं मुलखातल्या नवलांपैकी एक म्हणून. त्या बाईला चेहरा नाही, तिच्याबद्दल हळहळ नाही आणि तिला वाचवायची भाषाही नाही. पुढे इंग्रजांच्या हातात हीच सती राज्य करण्याचं समर्थन बनली. १८२९ च्या बंदीभोवतीचं सगळं लिखाण त्याची साक्ष देतं. जहाजं गमावलेल्या, घरी कसं पोचायचं या विवंचनेतल्या अधिकाऱ्याला कुणाला वाचवून काही सिद्ध करायचं नव्हतं. सहानुभूतीचा अभाव आणि सत्तेचा अभाव इथे एकत्र दिसतात. याउलट बायकांना वाचवण्याचं बोलणारी प्रवासवर्णनं कुणाच्या मागे सैन्य असताना लिहिली गेली ते तपासा.

एकोणिसाव्या शतकात वाचक पार बदलला. वर्तमानपत्रं आली, आणि वाचणाऱ्या बायकाही. १८४० च्या मुस्तफा सामीच्या युरोपवरच्या छोट्या पुस्तकात भर आहे तो तिकडे मुलीसुद्धा लिहितात-वाचतात यावर. सुलतानाचा गुल्हानेचा सुधारणांचा जाहीरनामा आदल्याच वर्षी निघालेला. पण या शतकातला तुमचा मुख्य माणूस म्हणजे इस्तंबूलचा लेखक अहमेद मिदहत एफेंदी. पॅरिस बघण्याआधीच, १८७६ मध्ये, यानं पॅरिसमधल्या एका तुर्काची जाडजूड कादंबरी लिहून टाकली होती. प्रत्यक्ष युरोप पाहिला तो १८८९ मध्ये, स्टॉकहोमच्या प्राच्यविद्या परिषदेला सरकारी प्रतिनिधी म्हणून गेला तेव्हा. त्यावर त्यानं हजारावर पानांचं प्रवासवर्णन लिहिलं. युरोपची भौतिक प्रगती घ्यावी, नीती घेऊ नये, हा त्याचा सिद्धान्त आणि बायका म्हणजे त्या सिद्धान्ताची प्रयोगशाळा. शिकलेली, कामावर जाणारी बाई पहिल्या खात्यात. पॅरिसच्या रात्रीतली बाई दुसऱ्या.

पण परिषदेत त्याला एक अशी बाई भेटली जी कुठल्याच खात्यात मावेना. ओल्गा लेबेदेवा, रशियन प्राच्यविद्या अभ्यासक, तुर्कीत ‘गुलनार’ या नावानं लिहिणारी. तिला तुर्की येत होतं, साहित्य ठाऊक होतं, आणि परिषदेनंतरच्या प्रवासाचा काही भाग दोघांनी बरोबर केला. परक्या पुरुषाबरोबर मोकळेपणानं फिरणारी युरोपियन बाई म्हणजे त्याच्या सिद्धान्ताप्रमाणे घसरलेली बाई. पण गुलनार विदुषी, शिवाय तुर्कांची चाहती. मग तो तिच्या विद्वत्तेवर, शालीनतेवर पानंच्या पानं खर्च करतो. वाचकानं भलतंसलतं काही मनात आणू नये यासाठी त्याची चाललेली धडपड ओळीओळीत जाणवते. घरच्या वाचकाशी चाललेलं हे संभाषण इतकं उघड दुसरीकडे कुठे सापडणार नाही. गोष्ट इथे संपत नाही. गुलनार पुढे इस्तंबूलला आली, तिला सुलतानाकडून शेफकत पदक मिळालं. मिदहतची शिष्या फातमा आलिये हिनं ‘निस्वान-इ इस्लाम’ लिहिलं. त्यात इस्तंबूलच्या घरी आलेल्या युरोपियन बायका तुर्की बाईला प्रश्न विचारतात आणि ती उत्तरं देते. त्याच्या फ्रेंच भाषांतरात गुलनारचा हात होता. म्हणजे ज्या परक्या बाईचं वर्णन झालं, तीच तुर्की बाईचा शब्द युरोपात घेऊन गेली.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ चंच. रमाबाईंचा वाचकही घरचाच. पण त्या बायकांच्या संस्था, शाळा, चळवळी, त्यांत काम करणाऱ्या स्त्रिया यांच्याबद्दल लिहितात. मिदहतच्या हजार पानांत संस्थेपेक्षा शील मोठं. तुमच्या प्रबंधात याला एक परिच्छेद पुरे. तुलना ताणू नका.

बायकांनी लिहिलेलं वाचल्याशिवाय मात्र या विषयाला हात घालू नका, कारण बंद दारामागची बाई तिथेच भेटते. झेयनेब आणि मेलेक या दोघी बहिणी १९०६ मध्ये इस्तंबूलहून पळून युरोपात गेल्या. फ्रेंच कादंबरीकार पिएर लोतीच्या त्याच साली आलेल्या कादंबरीतल्या नायिका त्यांच्यावर बेतलेल्या. (त्या प्रकरणातली तिसरी ‘तुर्की’ बाई प्रत्यक्षात फ्रेंच लेखिका होती. तिनं ते सोंग १९२३ मध्ये स्वतःच उघड केलं. पूर्वेचं गूढ म्हणून लोतीला काय काय विकलं गेलं!) झेयनेबची पत्रं ग्रेस एलिसन या इंग्रज पत्रकार बाईनं संपादित करून १९१३ मध्ये लंडनहून इंग्रजीत काढली. त्यातला लंडनच्या पार्लमेंटचा प्रसंग बघा. बायकांसाठीच्या सज्जात ती जाऊन बसते, समोर जाळी. हा तर सरकारचा जनानखाना आहे, असं ती आपल्या इंग्रज मैत्रिणीला सुनावते. हे तू मला आधी कधी सांगितलं नाहीस म्हणून तक्रारही करते. जाळी कशासाठी असते हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९०८ मध्ये मताधिकारवादी बायकांनी याच जाळीला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं होतं, आणि ती निघाली १९१७ मध्ये.

झेयनेबला इंग्रज बाई दयनीय वाटते, फ्रेंच बाई दमलेली वाटते, आणि पुस्तक युरोपबद्दलच्या निराशेत संपतं. पण तिच्या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तिचा वाचक इंग्रज आहे, मधे संपादक बसलेली आहे, आणि निराश झालेली तुर्की राजकन्या हा माल तेव्हा खपत होता. तरीही जाळीचा तो प्रसंग कुठल्याही पुरुष लेखकाला लिहिता आला नसता.

तुर्की लेखिका हालिदे एदिपचं ‘इनसाइड इंडिया’ १९३७ चं, तेही मूळ इंग्रजीत. अंकाराच्या सरकारशी बिनसल्यावर ती परदेशी राहत होती. डॉ. अन्सारींच्या बोलावण्यावरून १९३५ मध्ये ती दिल्लीला जामिया मिलियात व्याख्यानं द्यायला आली. एका व्याख्यानाला गांधीजी अध्यक्ष होते. तुर्कांचं हिंदुस्थानातल्या बायकांवरचं सगळ्यात जबाबदार लेखन हेच, असं मी म्हणेन. पडदा तिला बाहेरून बघायचा नव्हता, ती स्वतः त्यात वाढली होती. त्यामुळे पडद्यातल्या बाईची ना तिला कीव येते, ना अद्भुत वाटतं. सरोजिनी नायडूंसारख्या बायका तिच्या लेखी बरोबरीच्या. त्यांच्याशी ती राजकारण बोलते. तिच्या मनात सतत चाललेला सवाल असा की बायका बाहेर येतात ते सरकारनं हुकूम काढल्यानं की चळवळीत ओढल्या गेल्यानं. हा सवाल हिंदुस्थानाइतकाच तिच्या मागे राहिलेल्या तुर्कस्तानला उद्देशून आहे, आणि परदेशी बसून इंग्रजीत लिहिल्यामुळे तो विचारणं तिला परवडलं.

प्रजासत्ताकाच्या काळातल्या पुरुष लेखकांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तिथे तोचतोचपणा फार. १९३४ मध्ये तुर्की बायकांना संसदेचा मताधिकार मिळाला, फ्रान्सच्या दहा वर्षं आधी. मग युरोपात गेलेला लेखक बरोबरीचा आव आणतो, आणि अरब देशांत गेलेला लेखक काळ्या बुरख्याकडे बघून आपण त्यातून कसे सुटलो ते सांगतो. मालकी गेली तरी नजर उरते. शुकूफे निहालचं १९३५ चं फिनलंडवरचं पुस्तक याला चांगला उतारा आहे. पुढे १९८० च्या दशकाअखेरीस बुकेत उझुनेर ‘काळ्या केसांच्या बाईच्या प्रवासनोंदी’ लिहिते. उत्तरेकडे गोऱ्या-सोनेरी लोकांत आपले काळे केसच परके ठरतात हे शीर्षकातच सांगून टाकते.

कामाचं बोलायचं तर, सगळं वाचायला जाऊ नका. दोन वर्षांत होणार नाही. एव्लियाच्या बाबतीत आवृत्ती नीट निवडा. १८९६ पासून इस्तंबूलला जे खंड छापले गेले त्यांना सुलतान अब्दुलहमीदच्या सेन्सॉरची कात्री लागलेली आहे, आणि हामरचं जुनं इंग्रजी भाषांतर अपुरं आहे. तुर्की येत नसेल तर डॅन्कॉफ आणि किम यांची २०१० ची इंग्रजी निवड घ्या. तुर्की येत असेल तर यापी क्रेदी या प्रकाशनसंस्थेनं काढलेली दहा खंडांची प्रत. मेहमेद चेलेबी आणि झेयनेब ही जोडी प्रबंधाच्या मध्यावर ठेवा: एकात फ्रेंच बायका तुर्काचं जेवण बघतात, दुसऱ्यात तुर्की बाई इंग्रजांची जाळी बघते. मिदहत आणि गुलनार हे स्वतंत्र प्रकरण करा. एव्लियाच्या बंदिवान बायकांना तळटीपेत ढकलू नका. मार्गदर्शक सुचवतील, तरी नको. झेयनेबचं पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं असल्यानं जालावर फुकट मिळतं, तेव्हा त्यापासूनच सुरुवात केलीत तर पहिल्या आठवड्यातच लिहायला हाताशी काहीतरी असेल.